मींड नसलेले गाणे : शोपँची रात्रगीते आणि आपली पेटी

पियानो हे वाद्य दिसायला भारदस्त, पण त्याची एक अडचण जुनी आणि अगदी साधी आहे. पट्टी दाबली की आतला नमदा लावलेला हातोडा तारेवर आपटतो, स्वर उमटतो आणि उमटल्या क्षणापासून विरू लागतो. पट्टी कितीही वेळ दाबून धरली तरी तो स्वर पुन्हा फुगवता येत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचीही सोय नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नसते. स्वर धरणे आणि स्वर ओढणे या गळ्याला सहज येणाऱ्या दोन गोष्टी; पियानोला त्या दोन्ही वर्ज्य आहेत. तरीही ज्याच्या प्रत्येक रचनेत पियानो आहे आणि बहुतेक रचनांत फक्त पियानोच आहे, त्या फ्रेदरिक शोपँचे (१८१०–१८४९) संगीत ऐकताना पहिली आठवण होते ती गळ्याची. हे कसे घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर शोपँच्या चरित्रातून दिले जाते. १८३० साली वॉर्सा सोडले ते कायमचे, मायदेशातला उठाव चिरडला गेला, पॅरिसमध्ये परक्याचे आयुष्य, छातीचा विकार, जॉर्ज सॉंदशी जुळलेले आणि तुटलेले नाते, एकोणचाळिसाव्या वर्षी मृत्यू. अशा माणसाचे संगीत हळवे असणारच, असे गृहीत धरून आपण ऐकायला बसतो. त्यात आपल्याकडे पियानोची ओळख झाली ती हिंदी चित्रपटांतून. ‘अंदाज’ (१९४९) मधला पियानोपाशी बसलेला दिलीपकुमार ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनात पियानो म्हणजे प्रेमभंग हे समीकरण पक्के झाले. मला हे उत्तर अपुरे वाटते. दुःख पुष्कळांना असते. त्यामुळे कुणाच्या हातातला पियानो गाऊ लागत नाही. शोपँचे भावपूर्ण संगीत हे एका वाद्याच्या उणिवेवर शोधलेले कारागिरीचे उत्तर आहे, आणि त्या उत्तराची पारख करायला पेटीवर वाढलेला मराठी कान चांगलाच लायक आहे, असे माझे म्हणणे आहे.

मी पियानोवादक नाही. आमच्या खंडाळ्यात, म्हणजे खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यात (लोणावळ्याजवळच्या नव्हे), पियानो पाहायलाही मिळत नाही. शोपँ ऐकला तो ध्वनिमुद्रणांतून, आणि समजून घेतला तो छापील स्वरलिपीवर बोट ठेवून, एकेक माप पेटीवर काढून पाहत. या लेखातली स्वरांची नावेही म्हणूनच पेटीची आहेत.

एकाच शहरातली दोन वाद्ये

शोपँ १८३१ च्या शरद ऋतूत पॅरिसला आला आणि १८४९ साली तिथेच वारला. याच शहरात, याच काळात, १८४० च्या दशकाच्या आरंभी अलेक्झांद्र दबँ याने हार्मोनियम या नावाने आपल्या वाद्याचे स्वामित्व घेतले. पुढे ते वाद्य हिंदुस्थानात आले, कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्यांनी त्याला जमिनीवर बसून एका हाताने भाता हलवता येईल असे रूप दिले, आणि ते कीर्तनात, भजनात, नाटकात शिरले. मराठी रंगभूमीवर पायाने चालणारा ऑर्गनही आला. आपली पेटी आणि शोपँचा पियानो ही अशी एकाच गावची वाद्ये आहेत.

दोघांच्या खोडी मात्र उलट आहेत. पेटीचा स्वर भात्यात हवा आहे तोवर टिकतो. पण सर्व पात्यांना हवा एकाच भात्यातून जात असल्यामुळे बोटाच्या दाबाने एकाच स्वराला वजन देता येत नाही. पियानोचा स्वर टिकत नाही. पण तिथे प्रत्येक बोटाचे वजन वेगळे ऐकू येते. एकाला श्वास आहे पण आघात नाही, दुसऱ्याला आघात आहे पण श्वास नाही. मींड दोघांनाही नाही, आणि म्हणून दोघांवरचा मुख्य आक्षेप एकच आहे.

हा आक्षेप आपल्या भागात फार गंभीरपणे घेतला गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर संशोधन करून १९१० मध्ये इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची त्यांना या कामी मदत झाली. अर्नेस्ट क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याने देवलांचे काम पुढे नेले. सप्तकात बारा पट्ट्या पुरत नाहीत तर पट्ट्या वाढवू, या विचारातून श्रुति-हार्मोनियम तयार करवून घेण्यात आली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वादही झाला. ती पेटी प्रचारात आली नाही. देवलांच्या निष्ठेबद्दल मला अतिशय आदर आहे. पण त्यांच्या उत्तरात एक अडचण राहून गेली असे वाटते. पट्ट्या वाढवल्याने श्रुतीचे ठिकाण नेमके मिळते, पण त्या ठिकाणी पोचण्याची वाट मिळत नाही. भैरवातला कोमल ऋषभ ठिकाणाने जितका ओळखू येतो, तितकाच तो आंदोलनाने ओळखू येतो. बावीस पट्ट्यांच्या पेटीवरही ते आंदोलन येत नाही.

पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदी केली. नभोवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत पाहणारे जॉन फौल्ड्स यांनी आदल्या काळात पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. रवींद्रनाथांचेही मत पेटीच्या विरुद्धच होते. ही बंदी सैल व्हायला सुमारे तीस वर्षे गेली. म्हणजे आपल्याकडे या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली : वाद्य बदला, किंवा वाद्य टाका. शोपँने त्याच्या कितीतरी आधी तिसरे उत्तर दिले होते. वाद्य आहे तसेच ठेवायचे आणि ऐकणाऱ्याच्या कानाकडून उरलेले काम करून घ्यायचे.

काळी दोनमधले रात्रगीत

‘नॉक्टर्न’ म्हणजे रात्रीचे गीत. या नावाची पियानोरचना रूढ केली ती जॉन फील्ड (१७८२–१८३७) या आयरिश वादकाने. डाव्या हाताने मोकळ्या सुरावटीची साथ आणि उजव्या हाताने एकच गाणारी ओळ, असा त्याचा आराखडा. शोपँने तो जसाच्या तसा उचलला आणि आतून बदलला. फील्डची ओळ गोड आहे; पण परत येते तेव्हा ती बरीचशी तीच असते. शोपँची ओळ दर वेळी काही शिकून परत येते.

सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण घेऊ : नववी कृती, दुसरे रात्रगीत. १८३२ च्या सुमारास छापलेले, आपल्या भाषेत काळी दोनमधले. सुरुवात पंचमावरून होते आणि लगेच वरच्या गंधारावर उडी जाते. गायकाने हे अंतर मींडेने भरले असते. पियानोला ते भरता येत नाही, म्हणून शोपँ पहिल्यांदा ते रिकामेच ठेवतो. खाली डावा हात एक खर्ज आणि दोन स्वरसमूह असे तीन-तीनचे झोके देत असतो. दादऱ्याच्या वजनाची आठवण व्हावी असे. पेडल दाबून ठेवल्यामुळे खालच्या तारा गुंजत राहतात आणि वरचा विरत चाललेला स्वर त्या गुंजनात मिसळून आहे त्यापेक्षा लांब वाटतो.

मूळ सुरावट या रचनेत चारदा येते. दुसऱ्या वेळी तिला मुरक्यांसारखे छोटे वळसे मिळतात. पुढे ज्या जागा आधी रिकाम्या होत्या तिथे बारीक स्वरांची धाव येते. एका ठिकाणी तर सर्व अर्धस्वरांवरून उतरत येणारी. या धावेत स्वर इतके जवळजवळ आणि हलके असतात की सुटे मोजता येत नाहीत, आणि कान त्यांची एक रेघ करून टाकतो. पहिल्या वेळी जी मींड ऐकू आली नव्हती, ती चौथ्या वेळी ऐकू आल्यासारखी वाटते. अलंकारांना नटवेपणा म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. इथे सजावट आधीपासून पसरलेली नाही. आधी उणीव दाखवली आहे, मग ती थोडी थोडी भरली आहे.

हे सारे गळ्यावरून घेतलेले होते. शोपँ इटालियन ऑपेराचा, विशेषतः बेल्लिनीच्या गाण्यांचा भोक्ता. शिष्यांना तो चांगले गायक ऐकायला पाठवी, आणि पियानो वाजवायचा तर गाणे शिका असे सांगे. त्याच्या हाताखालच्या युक्त्याही गायकीच्याच. काळ्या पट्टीवरून शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर तेच बोट घसरवणे, गाणाऱ्या ओळीत सलग स्वरांना एकच बोट लावणे, या गोष्टी त्या काळच्या शिस्तीत बसत नव्हत्या. त्या काळचा नामांकित वादक काल्कब्रेनर मनगट सरळ ठेवायला यांत्रिक पट्टी वापरायला लावी. त्याने शोपँला तीन वर्षे आपल्याकडे शिकायला सुचवले होते, ते शोपँने मानले नाही. सर्व बोटे सारख्या ताकदीची करण्याचा त्या काळी जो ध्यास होता, तो त्याला चुकीचा वाटे. प्रत्येक बोटाची घडण वेगळी आहे तर त्याचा स्वरही वेगळा असू द्यावा, हे त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणपद्धतीच्या टिपणांचे सार आहे.

वाद्याची निवडही याच विचाराची. एरार या कंपनीच्या पियानोतून तयार, गोळीबंद स्वर निघे. प्लेएलच्या पियानोत तो वाजवणाऱ्याला घडवावा लागे. अंगात बळ असेल त्या दिवशी शोपँला प्लेएल हवा असे, नसेल त्या दिवशी एरार. हळवेपणाने थकलेल्या माणसाची ही निवड नाही. भाव दाखवायला ताकद लागते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

ठेका आणि गाणे

दुसरी गोष्ट लयीची. पाश्चात्त्य संगीतात ‘रुबातो’ म्हणून एक संज्ञा आहे. शब्दशः अर्थ चोरलेला काळ. पुष्कळ वादक ती म्हणजे मनाला येईल तिथे थांबायची परवानगी समजतात, आणि शोपँ हळवा वाटतो तो बहुतेक अशा वादनामुळे. शोपँची स्वतःची शिकवण वेगळी होती. डावा हात हा वृंदाचा संचालक, त्याने काळ सोडायचा नाही. उजव्या हाताने त्यावर मागेपुढे व्हायचे. लिस्टने हीच गोष्ट झाडाच्या उपमेने सांगितल्याचे नमूद आहे : वाऱ्याने पाने हलतात, खोड जागेवर असते.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. तबलजी ठेका धरून आहे आणि गायक शब्द ओढून, मागे ठेवून नेमका समेवर येतो, हे आपण नाट्यपदांत आणि ठुमरीत ऐकतच आलो आहोत. बालगंधर्वांच्या पदांत हा खेळ किती बारीक असे, हे जुन्या ध्वनिमुद्रिकांवर आजही ऐकता येते. फरक इतकाच की तिथे ठेका एकाचा आणि गळा दुसऱ्याचा. शोपँला दोन्ही कामे एकाच माणसाकडून करून घ्यायची होती.

त्याच नवव्या कृतीतले पहिले रात्रगीत, काळी पाचमधले, यासाठी पाहावे. सुरुवातीलाच उजव्या हाताला ११ स्वरांचा आणि लगेच २२ स्वरांचा पुंजका येतो. तेवढ्याच वेळात डाव्या हाताचे स्वर ६ आणि १२ असतात. सहात अकरा बसवायचे गणित कागदावर करता येईल, पण तसे वाजवले तर ते गणितच ऐकू येईल. शोपँला इथे आड-कुआडीचा हिशेब नको आहे. अकरा हा आकडा त्याने निवडला तो बहुधा न बसणारा म्हणूनच. उजव्या हाताने डाव्याकडे न पाहता गावे आणि शेवटी बरोबर भेटावे, एवढीच त्याची मागणी आहे.

शोपँचे हे स्वातंत्र्य समकालीनांपैकी सर्वांना रुचले नाही. बेर्लिओझला तो काळ पाळत नाही असेच वाटे. पण ऐकणाऱ्याने एक कसोटी लावावी. वादन ऐकताना फक्त डाव्या हाताकडे लक्ष द्यावे. तो डगमगत असेल तर उजव्या हाताचा भाव उसना आहे असे खुशाल समजावे.

जमीन सरकते तेव्हा

इथपर्यंत साम्य दिसले. पण साम्यावरच थांबणे बरोबर नाही, कारण शोपँच्या भावाचे एक मूळ आपल्या संगीतात नाही. ते पाहण्यासाठी रात्रगीतांच्या बाहेर, त्याच्या अठ्ठाविसाव्या कृतीतल्या (१८३९) चौथ्या प्रील्यूडकडे जावे लागते. अवघ्या २५ मापांची रचना, पांढरी तीनमध्ये. उजव्या हाताच्या ओळीशी ‘भावपूर्ण’ अशी सूचना लिहिलेली आहे, आणि त्या ओळीत आहे काय? पंचम, कोमल धैवत, पंचम. पुन्हा पंचम, कोमल धैवत, पंचम. आसावरीच्या अंगाची ही जुनी ओळखीची हालचाल. तीन मापे दुसरे काहीही नाही.

डाव्या हाताचे स्वरसमूह मात्र सावकाश, कधी एक स्वर तर कधी दुसरा, अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरत राहतात. वर पंचम तोच आहे, पण खालची जमीन सरकल्याने तो तोच वाटत नाही. पहिल्या मापात स्थिर असलेला स्वर पुढच्या मापात टोचतो, त्याच्या पुढच्यात विनवतो. आपल्याकडे तानपुरा षड्ज सोडत नाही. स्वराचा अर्थ त्या षड्जाशी बांधलेला असतो, आणि गायक स्वर हलवून भाव निर्माण करतो. शोपँ इथे स्वर जागेवर ठेवून त्याचा आधार हलवतो. जे वाद्य स्वराला हलवू शकत नाही, त्याच्यासाठी याहून योग्य युक्ती कोणती असणार?

ही रचना पेटीवर वाजवून पाहिली तर डाव्या हाताला भाता सोडता येत नाही, आणि अर्धी गोष्ट निघून जाते. नुसती वरची ओळ वाजवली तर पंचम-धैवताची एक साधी हालचाल उरते. कुणाला रडू येणार नाही. शोपँचा भाव सुरावटीत नसून सुरावट आणि आधार यांच्यातल्या ताणात आहे, याचा याहून सोपा पुरावा मला माहीत नाही. ३० ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यसंस्कारात हेच प्रील्यूड ऑर्गनवर वाजवले गेले. तिथे तो वरचा पंचम विरला नसेल. पण उतरती जमीन तीच राहिली असेल.

गोडव्याच्या पलीकडे

सर्वच रात्रगीते सारख्या तोलाची नाहीत. नवव्या कृतीतले दुसरे सर्वांत लोकप्रिय आहे, पण त्यातला मधला भाग मला ओळख करून देण्यापुरताच वाटतो. गाडी पुन्हा मुख्य ओळीकडे यावी म्हणून केलेली सोय. सत्ताविसाव्या कृतीतले दुसरे, काळी एकमधले, हे त्याच कल्पनेचे पिकलेले फळ आहे. तिथे ओळ एकटी न राहता मधूनमधून दोन आवाजांत गाते, आणि अलंकार ओळीपासून वेगळा काढता येत नाही.

आणि शोपँ म्हणजे हळुवार असे ज्यांचे मत आहे, त्यांनी अठ्ठेचाळिसाव्या कृतीतले (१८४१) पहिले रात्रगीत ऐकावे. पांढरी एकमधले हे गीत अडखळत, जड पावलांनी सुरू होते. मध्ये प्रार्थनेसारखा शांत भाग येतो; त्यात खालून सप्तकांचे लोट उठू लागतात आणि प्रार्थना वादळात बुडते. मग पहिली सुरावट परत येते ती दुगुनीत. ‘दुप्पट गती’ अशी सूचनाच लिहिलेली आहे. सुरावट तीच, पण खाली आता धाप लागल्यासारखे स्वरसमूह. जी व्यथा आधी चालत होती ती आता धावते आहे, आणि कुठे पोचत नाही. रात्रगीत हे नाव इथे जवळजवळ उपरोधाने येते.

एक आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे विस्तार गायक त्या क्षणी करतो, शोपँचा विस्तार छापलेला आहे. मग त्याची गायकीशी तुलना कशाला? पण छापील पान हा त्याच्या दृष्टीने शेवट नव्हता. शिष्यांच्या प्रतींवर त्याने स्वतःच्या हाताने वेगवेगळे अलंकार लिहून दिलेले आहेत, आणि त्यांत सर्वाधिक वाट्याला आले आहेत ते काळी दोनमधल्या त्या रात्रगीताच्या. एकच बंदिश, पण या शिष्याला ही जागा, त्या शिष्याला ती. तालमीची ही रीत आपल्याला अनोळखी नाही. जाहीर मैफली त्याने आयुष्यात जेमतेम तीसेक केल्या. त्याची खरी मैफल लहान खोलीतली आणि शिकवणीतली होती.

आता पेटीकडे वळू. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) कोल्हापूरच्या मातीतले. ‘मानापमान’च्या (१९११) चाली त्यांच्या, आणि पेटीवादक म्हणून त्यांचा लौकिक मोठा. त्यांनी पट्ट्या वाढवल्या नाहीत. पुढे पी. मधुकर यांनीही नाहीत. कणस्वराचा हलका स्पर्श, भात्याचा दाब कमी-जास्त करून स्वराला दिलेला श्वास, आणि जागा नेमक्या क्षणी सोडून देण्याची समज, यांवर या परंपरेने बारा पट्ट्यांची पेटी गळ्याच्या मागे नेली. शोपँचे नाव त्यांच्या तालमीत असण्याचे कारण नव्हते. तोच प्रश्न समोर असल्याने तेही त्याच दिशेने गेले.

श्रुति-पेटी करणाऱ्यांनी आणि पेटीवर बंदी घालणाऱ्यांनी स्वराच्या जागेचा विचार केला. ऐकणारा कान स्वस्थ बसलेला नसतो, हे त्यांच्या हिशेबात आले नाही. दोन स्वर योग्य वजनाने आणि योग्य वेळी दिले तर मधली वाट कान स्वतः चालतो. आमच्या भजनी मंडळातला पेटीवालाही काल्याच्या अभंगात बुवांच्या तानेमागे धावताना हेच करत असतो. सगळे स्वर त्याला सापडत नाहीत. तो निवडक धरतो, बाकीचे मंडळींच्या कानावर सोपवतो. ज्यांना शोपँ ऐकून पाहायचा आहे त्यांनी पांढरी तीनमधल्या त्या प्रील्यूडपासून आरंभ करावा. लागतात फक्त दोन-अडीच मिनिटे, आणि पंचम-धैवताची ओळख आपल्याकडे आधीपासूनच आहे.